चित्रपट, प्रेक्षक आणि समीक्षक: विदर्भातील ग्रामीण प्रेक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या ठिकाणच्या एका वाचनालयात अधूनमधून चित्रपट दाखवला जातो आणि तो संपल्यावर चहा येईपर्यंत, कधी चहा गार होईपर्यंत, त्यावर बोलणे होते. त्या बोलण्यात पुन्हा पुन्हा निघणारे प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरांमध्ये माहिती आहे, तशीच लिहिणाऱ्याची मतेही आहेत. ती सर्वांना पटावीत, अशी अपेक्षा नाही.

परीक्षण चित्रपट पाहण्याआधी वाचावे की पाहून झाल्यावर?

दोन्ही वेळी वाचावे, पण वेगवेगळ्या कामासाठी. आधी वाचणाऱ्याला एवढेच ठरवायचे असते की जावे की न जावे. चित्रपट फसला तर शहरातल्या माणसाचे तिकिटाचे पैसे आणि एक संध्याकाळ जाते. धारणी, मारेगाव किंवा एटापल्लीकडच्या एखाद्या खेड्यातून निघालेल्या कुटुंबाचा हिशोब निराळा असतो. चौघांचे जाण्यायेण्याचे भाडे, एका दिवसाची बुडालेली मजुरी आणि संध्याकाळचा खेळ पाहिल्यास चुकणारी शेवटची एसटी हे सगळे त्या तिकिटात धरावे लागते. मुंबईत किंवा पुण्यात बसून ‘एकदा पाहायला हरकत नाही’ असे लिहिणाऱ्याने हा हिशोब केलेला नसतो आणि त्याने तो करावा, अशी अपेक्षाही कोणी ठेवलेली नाही. म्हणून इथला माणूस वर्तमानपत्रातल्या परीक्षणापेक्षा कालच जाऊन आलेल्या शेजाऱ्याला विचारतो आणि जायचे की नाही एवढ्याच प्रश्नापुरते त्याचे हे करणे अगदी बरोबर आहे.

पाहून झाल्यावर वाचलेल्या परीक्षणाचा उपयोग मात्र वेगळा आणि माझ्या मते जास्त मोलाचा आहे. मधला भाग कंटाळवाणा वाटला, पण का ते नेमके सांगता येत नव्हते. समीक्षकाने दाखवून दिले की त्या भागात नायकाला काही हवेच नव्हते आणि म्हणून कथा जागच्या जागी थांबली होती. अशा वेळी आपलेच मत आपल्याला नीट कळते. समीक्षक आपल्या विरुद्ध बोलत असला तरी हरकत नाही. त्याने कारण दिले असले की आपल्यालाही कारण शोधावे लागते.

समीक्षकांनी नाकारलेला चित्रपट गावात का चालतो?

या प्रश्नामागे बहुधा एक गैरसमज असतो. गावातल्या प्रेक्षकाला कळत नाही, असे शहरातले लोक मानतात आणि समीक्षकाला कळत नाही, असे गावातले लोक मानतात. वस्तुतः दोघे वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात.

१९७५ या एकाच वर्षाकडे पाहू. त्या वर्षी १५ ऑगस्टला प्रदर्शित झालेल्या ‘शोले’चे सुरुवातीचे स्वागत थंड होते. अनेक परीक्षणे प्रतिकूल होती आणि पहिल्या दिवसांत चित्रपट पडला, अशी हवा धंद्यातही होती. पुढे तो मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षांहून अधिक काळ चालला. त्याच वर्षीचा ‘जय संतोषी माँ’ अतिशय थोड्या खर्चात तयार झालेला आणि तंत्राच्या दृष्टीने साधा चित्रपट होता, तरीही तो वर्षातल्या सर्वांत यशस्वी चित्रपटांत जाऊन बसला. लोक चपला बाहेर काढून चित्रपटगृहात शिरत, पडद्याला फुले आणि नाणी वाहत, शुक्रवारचे व्रत करू लागले. या दोन यशांची कारणे सारखी नाहीत. ‘शोले’च्या बाबतीत समीक्षक घाईत चुकले, असे म्हणता येते, कारण नंतर त्यांच्यापैकीच पुष्कळांनी त्या चित्रपटाची बांधणी, संवाद आणि छायाचित्रण वाखाणले. ‘जय संतोषी माँ’ला मात्र चित्रपटाची मोजपट्टी लावणेच अपुरे होते. ती तिकीट काढून केलेली पूजा होती आणि पूजेचे परीक्षण करता येत नाही.

याशिवाय गावात चित्रपट चालण्याची काही कारणे पडद्याबाहेरची असतात. सोयाबीन विकून हातात पैसा आलेला असतो, कापसाची पहिली वेचणी झालेली असते, दिवाळीला लेकी माहेरी आलेल्या असतात आणि एकत्र बसून पाहता येईल असे काहीतरी हवे असते. त्या आठवड्यात टॉकीजला लागलेला चित्रपट साधारण असला तरी चालतो. पेरणी तोंडावर असताना आणि बियाण्याच्या उधारीची चिंता असताना लागलेला उत्तम चित्रपटसुद्धा रिकाम्या खुर्च्यांपुढे उतरतो. परीक्षणात हे येत नाही. वितरकाला मात्र ते पक्के ठाऊक असते.

प्रेक्षक आणि समीक्षक यांचे कधी एकमत होते का?

होते, आणि लोक समजतात त्यापेक्षा अधिक वेळा होते. प्रभात फिल्म कंपनीचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ मुंबईत वर्षभराहून अधिक काळ चालला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवातही त्याची दखल घेतली गेली. २०१६ चा ‘सैराट’ आधी बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला, समीक्षकांनी त्याला उचलून धरले आणि मग गावोगावच्या टॉकीजमध्ये लोक खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचले. एकमताच्या बातम्या होत नाहीत, भांडणाच्या होतात, म्हणून भांडणच जास्त वाटते.

पुरस्कार मिळालेले मराठी चित्रपट आमच्या तालुक्याच्या टॉकीजला का येत नाहीत?

कारण कौतुक करणारे आणि चित्रपट गावापर्यंत पोहोचवणारे लोक वेगळे असतात. चित्रपट व्यवसायाने देशाचे वितरणासाठी विभाग पाडलेले आहेत आणि विदर्भ त्यातल्या ‘सीपी बेरार’ नावाच्या विभागात मोडतो. हे नाव ब्रिटिश काळातल्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचे आहे. प्रांत गेला, तरी धंद्याच्या कागदावर नाव टिकून आहे. या विभागाच्या व्यवहारात अमरावतीला जुने महत्त्व आहे. वितरक चित्रपट घेताना परीक्षण पाहत नाही. तो नट पाहतो, गाणी पाहतो आणि पहिल्या तीन दिवसांत किती गल्ला जमेल याचा अंदाज बांधतो. प्रचाराला पैसा नसलेला चित्रपट मोठ्या शहरांत थोड्या पडद्यांवर लागतो आणि त्याची चर्चा वाचून इथल्या माणसाला तो पाहावासा वाटेपर्यंत तिथूनही उतरलेला असतो.

‘कोर्ट’चे उदाहरण विदर्भाला विशेष लागू पडते. या चित्रपटाला २०१४ मध्ये व्हेनिसला पुरस्कार मिळाले, नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणून त्याचीच निवड झाली. त्यात लोकशाहीर नारायण कांबळे यांची मध्यवर्ती भूमिका करणारे वीरा साथीदार हे नागपूरचे कार्यकर्ते होते. म्हणजे माणूस आपला, विषय आपल्या वस्त्यांमधला, आणि तरीही विदर्भातल्या कितीतरी जणांनी तो पाहिला तो पुढे मोबाइलवर.

मराठी चित्रपटांना दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत खेळ द्यावा, असा नियम राज्य सरकारने २०१५ मध्ये केला, पण तो मल्टिप्लेक्सपुरता होता. ज्या तालुक्यात मल्टिप्लेक्सच नाही आणि होते ते एकपडदा टॉकीजही मंगल कार्यालय होऊन बसले आहे, तिथे त्या नियमाने काय साधणार?

तारे, टक्के आणि दहापैकी गुण यांच्यावर किती विसंबावे?

आकडा कसा तयार होतो हे ठाऊक असेल तेवढेच विसंबावे. ‘रॉटन टोमॅटोज’ या अमेरिकी संकेतस्थळावर दिसणारी टक्केवारी म्हणजे चित्रपटाला मिळालेले गुण नव्हेत. किती टक्के समीक्षकांचे परीक्षण एकूणात अनुकूल आहे, एवढेच ती सांगते. समजा, दहा समीक्षकांना एक चित्रपट जेमतेम बरा वाटला, तर त्याचे शंभर टक्के होतात. दुसरा चित्रपट सात जणांना अप्रतिम आणि तिघांना असह्य वाटला, तर त्याचे सत्तरच होतात. मला स्वतःला हा दुसरा चित्रपट पाहायला आवडेल, पण आकडा पहिल्याकडे बोट दाखवतो.

आयएमडीबी या संकेतस्थळावरचे दहापैकी गुण सामान्य नोंदणीकृत प्रेक्षकांच्या मतांवरून, काही भारांकन करून काढलेले असतात. तिथे चाहत्यांच्या फौजा दहा देतात आणि विरोधकांच्या फौजा एक देतात. चित्रपट न पाहताच ठरवून वाईट शेरे मारण्याचा प्रकार इतका वाढला की ‘रॉटन टोमॅटोज’ने २०१९ मध्ये प्रदर्शनापूर्वी प्रेक्षकांनी शेरे लिहिण्याची सोय बंद केली आणि तिकीट घेतल्याची खातरजमा झालेल्या प्रेक्षकांचे गुण वेगळे दाखवायला सुरुवात केली. तिकीट विकणाऱ्या ॲपवरील पसंतीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी. खिडकीवर रोख पैसे देऊन तिकीट काढणारा आणि घरी परतल्यावर मोबाइल उघडून गुण देत न बसणारा प्रेक्षक त्या आकड्यात सहसा नसतोच. गावातला प्रेक्षक बहुतांशी तोच आहे.

ताऱ्यांचा खरा दोष याहून साधा आहे. तारे निकाल देतात, कारण देत नाहीत. पानठेल्यावर कोणी विचारले, ‘पाह्यला का भाऊ पिक्चर?’ तर उत्तर येते, ‘इंटरवलपर्यंत मस्त हाय, मंग निरा वढून लांबवला. गाने मातर आयकासारखे हायेत.’ या दोन वाक्यांत कुठपर्यंत जमला, कुठे बिघडला आणि काय टिकले हे तिन्ही आले. अडीच ताऱ्यांत यांतले एकही येत नाही.

यूट्यूबवरचे ‘पब्लिक रिव्ह्यू’ खरे असतात का? समीक्षक पैसे घेतात का?

काही खरे असतात, काही विकत घेतलेले असतात आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते ओळखणे अवघड असते. चित्रपटगृहाच्या दारात माईक पुढे केल्यावर माणूस उत्साहात बोलतो. त्यातले काय ठेवायचे आणि काय कापायचे हे चित्रफीत करणाऱ्याच्या हातात असते. जाहिरात असेल तर ती जाहिरात आहे असे स्पष्ट लिहावे, अशी समाजमाध्यमांवर प्रभाव असणाऱ्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये जाहीर केली आहेत. त्यांचे पालन सगळे करतात, असे समजण्याचे कारण नाही.

उलट बाजूही आहे. पहिल्या खेळानंतर काही तासांत मोबाइलवर पडणाऱ्या ठरवून केलेल्या निंदेमुळे चित्रपट बुडतात, अशी निर्मात्यांची तक्रार आहे आणि २०२३ मध्ये हा प्रश्न केरळ उच्च न्यायालयापुढेही गेला. निर्मात्याचे नुकसान खरे असू शकते. तरीही तिकिटाचे पैसे दिलेल्या माणसाने बाहेर येऊन ‘मला नाही आवडला’ म्हणण्यापूर्वी काही दिवस थांबावे, ही अपेक्षा मला चमत्कारिक वाटते. भाजी किडकी निघाली तर बाजार उठेपर्यंत गप्प राहा, असे कोणी गिऱ्हाइकाला सांगत नाही.

समीक्षकाची पारख करण्याचा एक साधा मार्ग आहे. त्याची आठ-दहा परीक्षणे सलग वाचावीत. प्रत्येक मोठ्या चित्रपटाला तो ‘अप्रतिम’ म्हणत असेल किंवा प्रत्येकाची टरच उडवत असेल, तर त्याला सोडून द्यावे. ज्याचे मत आपल्याशी वारंवार जुळत नाही, पण ज्याची कारणे कळतात, तो समीक्षक धरून ठेवावा. तो काय म्हणेल त्यावरून आपल्याला काय वाटेल याचा अंदाज हळूहळू येऊ लागतो.

टॉकीजमध्ये शिट्ट्या मारणे, ओरडणे, नाणी उधळणे हे असभ्यपणाचे नाही का?

शेजाऱ्याला ऐकू येईनासे झाले तर त्रास होतोच, आणि मोबाइलवर मोठ्याने बोलणाऱ्याचे समर्थन कोणीच करू नये. पण पडद्याला दिलेली दाद म्हणजे असभ्यपणा, हे मत मुख्यतः अशा लोकांचे आहे ज्यांनी रंगमंचापुढे गप्प बसण्याची सवय शाळेत लावून घेतली. पूर्व विदर्भातला प्रेक्षक वेगळ्या शाळेतून आला आहे.

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत धानाची कापणी झाली की झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि तो उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. मंडई म्हणजे गावची जत्रा असो, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत असो, गावात नाटक ठेवलेले असते. नाटक कंपन्यांची कार्यालये देसाईगंज म्हणजे वडसा येथे आहेत. तिथे जाऊन गावकरी तारीख ठरवतात. रात्री सुरू झालेले नाटक उजाडेपर्यंत चालते, घराघरांत पाहुणे आलेले असतात आणि हजारो माणसे शामियान्यात बसलेली असतात. या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा उर्वरित महाराष्ट्रातल्या अनेकांना या रंगभूमीची ओळख झाली.

या नाटकात प्रेक्षक गप्प बसत नाही. गाणे आवडले तर ‘वन्स मोअर’ येतो आणि नट ते पुन्हा म्हणतो. खलनायकाला शिव्या बसतात आणि त्या बसल्या नाहीत तर नटालाच चुकल्यासारखे वाटते. संवाद पडला तर मागून कोणीतरी तोंडावर सांगतो. नट त्याच रात्री, त्याच प्रवेशात, आवाज चढवून किंवा प्रसंग आटोपता घेऊन या प्रतिक्रियेला उत्तर देतो. दंडार आणि खडी गंमत हे इथले लोकनाट्याचे प्रकार पाहिलेल्यांना तर हा संवाद आणखी जवळून ठाऊक आहे. हाच माणूस चित्रपटगृहात आल्यावर पडद्याशी बोलतो. पडदा ऐकत नाही हे त्याला कळत नाही, असे नव्हे. शेजारी बसलेले ऐकतात, हे त्याला कळते. त्याची शिट्टी त्यांच्यासाठी असते. अमुक ठिकाणी आम्हा सगळ्यांना पटले, याची ती त्या क्षणी केलेली नोंद असते आणि ज्या समीक्षकाने चित्रपट निवडक पत्रकारांसोबत थंड खोलीत पाहिला, त्याच्याकडे ही नोंद नसते.

करुण प्रसंगात काही लोक हसतात. त्यांना चित्रपट कळत नाही का?

हसण्याची कारणे अनेक असतात आणि सगळी वाईट नसतात. अवघडलेपणातून हसू येते, पडद्यावरचा अभिनय खोटा वाटला म्हणून येते, आणि कधी कधी खरोखर निष्ठुरपणातूनही येते. शेवटच्या प्रकाराचा विचार ‘फँड्री’ या चित्रपटाने पडद्यावरच केलेला आहे. त्यात डुक्कर पकडण्यासाठी धावणाऱ्या कुटुंबाला पाहून गाव हसते आणि चित्रपटगृहातही त्या पळापळीला हसू फुटते. मग त्या कुटुंबातला मुलगा जब्या दगड उचलतो आणि तो थेट आपल्या दिशेने येतो. इथे प्रेक्षकाची प्रतिक्रिया हाच चित्रपटाचा विषय झाला आहे.

आमच्याकडच्या चर्चेत एका शेतमजूर बाईंनी याबद्दल एवढेच सांगितले की त्या प्रसंगी पुढच्या ओळी हसत होत्या, मागच्या हसत नव्हत्या, आणि कोण कुठे बसले होते ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. ‘प्रेक्षकांनी प्रसंग डोक्यावर घेतला’ असे समीक्षक लिहितात, तेव्हा कोणत्या प्रेक्षकांनी, हे विचारणे म्हणून आवश्यक आहे.

शेतकऱ्यांच्या प्रश्नावरचे चित्रपट समीक्षकांना आवडतात. आम्हाला ते खोटे का वाटतात?

पुष्कळदा ते खोटे असतात म्हणून. उन्हाने भेगाळलेली जमीन, झाडाची रिकामी फांदी आणि आकाशाकडे पाहणारा म्हातारा एवढे दाखवले की शहरी परीक्षणात ‘वास्तववादी’ हा शब्द येतो. शेतकरी मात्र बारकावे पाहतो. कपाशी टोबतात, म्हणजे तिचे बी हाताने जमिनीत खोचून लावतात, हे ज्याला माहीत आहे, त्याला नायक मूठभर सरकी हवेत फेकताना दिसला की पुढचे सगळे परके वाटू लागते. पेरणीच्या गाण्यात मागच्या वावरात फुटलेली बोंडे दिसतात, डवरणीच्या, म्हणजे उभ्या पिकातले तण काढण्याच्या प्रसंगात डवऱ्याला जुंपलेली बैलजोडी कधी एकत्र चाललेलीच नाही हे कळते, सावकाराच्या दारी गेलेला माणूस ज्या सुरात बोलतो त्या सुरात कोणी बोलत नाही. ही टीका चित्रपटाच्या भाषेतली नसली तरी ती समीक्षाच आहे, आणि ती करणाऱ्याची तयारी कोणत्याही समीक्षकापेक्षा कमी नाही.

मात्र बारकावा चुकला म्हणजे चित्रपट वाईट, हा उलट टोकाचा निष्कर्षही काढू नये. विदर्भाच्या पार्श्वभूमीवरचा २००९ चा ‘गाभ्रीचा पाऊस’ घ्या. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यानंतर आपला नवराही तसेच करील या धास्तीने बायको त्याच्यावर नजर ठेवते आणि लहान मुलालाही त्याच्या मागे धाडते. या पाळतीतून हसू येते आणि त्याच हसण्यातून भीती वाढते. भेगाळलेली जमीन दाखवणाऱ्या कितीतरी चित्रपटांपेक्षा या एका कल्पनेत जास्त सत्य आहे, असे मला वाटते. तरीही गावातल्या काही जणांना असा चित्रपट पाहायचाच नसतो, आणि त्यांचे कारण मान्य करावे लागते: जे घरात घडले आहे, ते पाहायला तिकीट कशाला काढायचे? अशा माणसाने तद्दन विनोदी चित्रपट निवडला, तर ते अभिरुचीचे अधःपतन नव्हे.

चित्रपटांत आमची बोली विनोदापुरतीच का येते आणि समीक्षक यावर का बोलत नाहीत?

वऱ्हाडी बोलणारे पात्र आले की ते हसवायलाच आले आहे, हा संकेत नाटक, चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांनी मिळून पक्का केला. अमरावतीकडचे भारत गणेशपुरे यांनी ‘चला हवा येऊ द्या’मधून वऱ्हाडी घराघरांत नेली, तेव्हा विदर्भातल्या लोकांना त्याचा अभिमानच वाटला, आणि तो रास्त होता. अडचण अशी की त्याच बोलीत प्रेम करणारी, भांडणारी, कर्ज मागणारी किंवा न्यायालयात साक्ष देणारी पात्रे मोठ्या पडद्यावर फार थोडी दिसतात. नागपुरात चित्रित झालेल्या ‘झुंड’मध्ये २०२२ साली वस्तीतल्या पोरांनी आपल्या नागपुरी ढंगात बोलून ती उणीव थोडी भरली, पण तो चित्रपट हिंदी होता. झाडी बोलीच्या वाट्याला तर विनोदही क्वचित आला.

समीक्षक बोलत नाहीत, कारण बहुतेकांना फरक ऐकूच येत नाही. पुण्यातला नट ‘हाय’ आणि ‘काहून’ एवढे दोन शब्द पेरून वऱ्हाडी बोलतो आणि परीक्षणात ‘बोलीचा लहेजा उत्तम पकडला आहे’ असे वाक्य येते. ही चूक दाखवण्याचे काम आपलेच आहे, आणि ते लिहून दाखवावे लागेल.

स्त्रियांची मते कुठे दिसतात?

छापील परीक्षणांत कमी, यूट्यूबसाठी चित्रपटगृहाच्या दारात घेतलेल्या मुलाखतींत त्याहून कमी. गल्ल्यावर मात्र ती दिसतात. १९९१ च्या ‘माहेरची साडी’ला समीक्षकांनी रडका म्हणून बाजूला सारले, पण गावोगावच्या बायका घोळक्याने तो पाहायला गेल्या आणि मराठी चित्रपटाच्या मोठ्या यशांत त्याची गणना झाली. त्या का रडल्या, हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणी गांभीर्याने विचारला नाही. सासरी सोसणाऱ्या बाईचे दुःख चारचौघांत, अंधारात, कोणी न विचारता रडून घेण्याची ती एक जागा होती. त्या चित्रपटातली सोशिकता आज मला खटकते. मात्र ती जागा बायकांना हवी होती, हे नाकारता येत नाही.

आता तालुक्याच्या टॉकीजला बाई एकटी किंवा मैत्रिणींसोबत जाते, असे चित्र कमीच दिसते. ती चित्रपट पाहते तो दुपारी टीव्हीवर किंवा रात्री काम आटोपल्यावर मोबाइलवर, तुकड्यातुकड्यांनी. तिची प्रतिक्रिया दुसऱ्या दिवशी निंदणाच्या रांगेत सांगितली जाते आणि तिथेच राहते.

सेन्सॉरचे प्रमाणपत्र म्हणजे दर्जाचा दाखला का?

नाही. १९५२ च्या चित्रपट कायद्याखाली केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ चित्रपट दाखवता येईल का, त्यात काही काटछाट हवी का आणि तो कोणत्या वयाच्या प्रेक्षकांना दाखवता येईल, हे ठरवते; तो चांगला की वाईट हे नाही. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’ गटाचे ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन भाग झाले आहेत. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी परीक्षणाआधी हेच पाहावे.

मला स्वतःला परीक्षण लिहायचे आहे. सुरुवात कशी करावी?

कथा सांगण्यात अर्धे पान घालवू नये. चार वाक्यांत ती आटोपते. त्यानंतर आपल्याला जे सर्वांत ठळक आठवते, तो एक प्रसंग घ्यावा आणि तो पडद्यावर नेमका कसा घडला ते लिहावे: कोण कुठे उभे होते, आवाज कोणता होता, किती वेळ कोणी बोलले नाही. मग त्या प्रसंगाने आपल्यावर जे केले ते कशामुळे केले, याचा शोध घ्यावा. ‘छायाचित्रण सुंदर, संगीत श्रवणीय, अभिनय सहज’ ही वाक्ये कोणत्याही चित्रपटाला चिकटवता येतात, म्हणून ती टाळलेली बरी.

चित्रपट कुठे आणि कोणासोबत पाहिला, हेही लिहावे. टॉकीज अर्धी रिकामी होती की भरलेली, कोणत्या वाक्यावर टाळी आली, कोण मध्यंतराला उठून गेले, ही माहिती मुंबईच्या समीक्षकाकडे नसते आणि तुमच्याकडे असते. शेतीतली, बोलीतली किंवा चालीरीतींतली चूक दिसली तर ती नेमकी सांगावी. नुसते ‘खोटे वाटले’ म्हणू नये. प्रमाण मराठी जमत नसेल तर वऱ्हाडीत किंवा झाडीत लिहावे. एखाद्या नटाचा किंवा दिग्दर्शकाचा राग असेल तर तो आधीच सांगून टाकावा, म्हणजे वाचणारा त्या हिशोबाने वाचतो.

परीक्षणात शेवट सांगावा का?

प्रदर्शनाच्या आठवड्यात लिहीत असाल तर सांगू नये. पण चित्रपट जुना असेल किंवा आपला सारा मुद्दाच शेवटावर उभा असेल, तर पहिल्याच ओळीत तशी सूचना देऊन मोकळेपणाने लिहावे. आमच्या भागात चित्रपट येतो तेव्हा त्याचा शेवट बहुधा एसटी स्टँडवर आधीच कळलेला असतो, आणि तरीही लोक तिकीट काढतात.